नोकरी गेली, हे आधी सांगा

नोकरी गेली की माणूस सगळ्यात आधी ती गेल्याचं लपवतो. घरच्यांपासून, गावाकडच्या आईवडिलांपासून, सोसायटीतल्या शेजाऱ्यांपासून. त्याने चोरी केलेली नसते, कामचुकारपणा केलेला नसतो. ऑर्डरी कमी झालेल्या असतात, मालकी बदललेली असते, नाहीतर एखादी लाइन दुसऱ्या राज्यात हलवलेली असते. तरी मान याचीच खाली जाते. माझं सांगणं एकच आहे, आणि ते अनुभवाचं आहे: नोकरी गेली, हे आधी सांगा. हक्काचे पैसे, घरच्यांचा आधार आणि पुढचं काम, या तिन्ही गोष्टींची वाट सांगण्यातूनच जाते.

मी नाशिकची. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं स्टोअर सांभाळलं. माल आला की चलन ऑर्डरशी ताडून बघायचं, माल मोजून घ्यायचा, तो मिळाल्याची पावती म्हणजे जीआरएन करायचा, बिन कार्डावर आवक लिहायची आणि लाइनवरून स्लिप आली की माल द्यायचा, हे माझं काम. एका मोठ्या ग्राहकाने ऑर्डर काढून घेतली, दोन लाइनी बंद करायचं ठरलं आणि आम्हाला एकेक करून केबिनमध्ये बोलावणं आलं.

टेबलावर छापील कागद तयार होता. ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’ खाली माझं नाव टाइप केलेलं, सहीची जागा तेवढी रिकामी.

“मॅडम, राजीनामा दिलात तर पुढे तुम्हालाच बरं पडेल. अनुभवाचं पत्र छान देऊ,” समोरचे साहेब म्हणाले.

“सर, कारण माझं वैयक्तिक नाही. तुम्ही मला कमी करताय, तर तसं लिहून द्या. हा कागद मी घरी नेते, विचारून उद्या सांगते,” मी म्हणाले.

आवाज कापत होता, पण सही केली नाही. कारखान्यातून निवृत्त झालेले युनियनचे एक जुने कार्यकर्ते सिडकोत राहतात, संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो कागद वाचला आणि त्याचा अर्थ समजावला. नोकरी गेलेल्या प्रत्येकाला तो कळायला हवा, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सही करण्याआधी

राजीनामा आणि कामगारकपात या दोन गोष्टी कायद्याने अगदी वेगळ्या आहेत. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं, तर मालकाला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागे. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागे. आमच्या वेळी हाच कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. नोटीस आणि पंधरा दिवसांची भरपाई हे तत्त्व त्या संहितेतही आहे. जोडीला पुनर्कौशल्य निधीची नवी तरतूद आली आहे. कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या शेवटच्या पगाराएवढी रक्कम या निधीत भरायची आणि कपातीपासून ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. दुसरीकडे, कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचं बंधन जुन्या केंद्रीय कायद्यात शंभर कामगारांपासून होतं, ते आता तीनशेंपासून आहे. त्यामुळे लहान-मध्यम कारखान्यांतल्या माणसाने आपले कागद स्वतःच नीट बघायला हवेत.

‘वैयक्तिक कारणास्तव’ अशा राजीनाम्यावर सही केली की या भरपाईचा पायाच निघून जातो. दबावाखाली सही घेतली असं नंतर म्हणता येतं, पण ते सिद्ध करणं फार अवघड जातं. म्हणून केबिनमध्ये, त्याच क्षणी, सही करू नका. कागदाची प्रत मागा. कोऱ्या कागदावर किंवा व्हाउचरवर सही देऊ नका. पैसे घ्यावेच लागले, तर सहीशेजारी ‘हक्क राखून स्वीकारले’ असं लिहा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ऑफिसची ई-मेल बंद होण्याआधी नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं आणि पगाराच्या स्लिपा स्वतःकडे घ्या.

“मी तर ऑफिसर आहे, मला कामगार कायदा कुठला?” असं अनेकजण म्हणतात. कायदा हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे ते बघतो. तांत्रिक आणि कारकुनी काम करणाराही कामगारच. व्यवस्थापकीय काम करणारे यात बसत नाहीत. देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी नव्या संहितेत महिना १८,००० रुपये पगाराची मर्यादा आहे. हिंजवडीत टीम लीडर किंवा मॅनेजर असलेल्यांना त्यामुळे नेमणूकपत्रातल्या अटींचाच आधार असतो. तो कागद काढा, नोटिशीचा काळ वाचा. वेतन संहिता मात्र सगळ्याच कर्मचाऱ्यांना लागू आहे. कामावरून कमी केलं किंवा राजीनामा दिला तरी राहिलेलं वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत मिळायला हवं, असं ती सांगते.

कंपनी ऐकत नसेल तर कामगार आयुक्तालयाच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. तिथे आधी समेटाची बोलणी होतात. पंचेचाळीस दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगाराला स्वतः न्यायाधिकरणात जाता येतं. त्यासाठी नोकरी गेल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मला कोर्टापर्यंत जावं लागलं नाही. “कपातीचं पत्र द्या, मग मी सही करते,” या एका वाक्यावर मी ठाम राहिले आणि भरपाईसकट हिशोब मिळाला.

हिशोब मांडा

हिशोबात काय काय येतं, हे कंपनीकडून कळायची वाट बघू नका, आपण आधी मांडून ठेवा. चालू महिन्याचा पगार, नोटिशीचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, तोवरचा बोनस, कपातीची भरपाई आणि ग्रॅच्युइटी. पाच वर्षं सलग सेवा झालेल्याला ग्रॅच्युइटी मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना सामाजिक सुरक्षा संहितेने आता एका वर्षानंतरच हा हक्क दिला आहे. गणित सोपं आहे. ग्रॅच्युइटीसाठी धरायचा शेवटचा पगार महिना २०,८०० रुपये असेल, तर त्याला २६ने भागायचं. आले ८००. त्याचे पंधरा दिवसांचे १२,०००. चौदा वर्षांची सेवा असेल तर १,६८,००० रुपये. ही रक्कम तीस दिवसांत द्यावी लागते.

भविष्य निर्वाह निधीला मात्र घाईने हात लावू नका. निधीच्या विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ला ठरवलं, की नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी आणि उरलेली २५ टक्के बारा महिन्यांनंतर. अडचणीच्या वेळी ही सोय मोठी आहे. पण खात्याचा यूएएन क्रमांक एकच राहतो आणि नवी नोकरी लागली की जुनी शिल्लक तिकडे वळवता येते. पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की ५८व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. आठ-नऊ वर्षं झालेल्या माणसाने पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर म्हातारपणीची पेन्शन गेली. घर चालत असेल तोवर ते पैसे तसेच राहू द्या.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते. दवाखान्यापलीकडे या विम्यातून काय मिळतं, हे आमच्या लाइनवरच्या बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’त नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते. आयुष्यात हा लाभ एकदाच घेता येतो. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली, तर ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना’ आहे. तिच्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो, पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. योजनेची मुदत आणि वर्गणीच्या अटी बदलत असतात, म्हणून आपल्या शाखेत जाऊन विचारा. दोन्ही योजना नोकरी आपल्या इच्छेविरुद्ध गेलेल्यांसाठी आहेत. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द इथेही आडवे येतात.

औषधोपचारही लगेच बंद होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतात. आमच्या एका मदतनीसाच्या वडिलांचं डायलिसिस याच नियमावर पुढे चालू राहिलं. त्याने शाखेत जाऊन नोकरी गेल्याचं सांगितलं, तेव्हाच ते त्याला कळलं.

घरी मी एक वही केली. पानाचे तीन भाग पाडले: थांबवता न येणारं, पुढे ढकलता येणारं आणि आजपासून बंद. पहिल्यात किराणा, वीज, घराचा हप्ता, मुलीच्या बारावीची फी. दुसऱ्यात घराचा रंग, नवा फ्रीज. बँकेत हप्ता चुकण्याआधी गेलं की हप्ता कमी करून मुदत वाढवण्याची बोलणी होऊ शकतात. हप्ता परत गेल्यावर तीच बोलणी अवघड होतात. आणि एकरकमी पैसे हातात आले की ‘आता धंद्यात घाला’ म्हणणारे बरेच भेटतात. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात काढून ठेवल्याशिवाय त्यांच्यासोबत चहालाही बसू नका.

घरात सांगा

हे सगळं घरात सांगितल्याशिवाय होत नाही. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा सासूबाई भाकऱ्या करत होत्या.

“आई, माझी नोकरी गेली. कंपनी दोन लाइनी बंद करतेय.”

त्यांनी गॅस बारीक केला. “हिशोब किती मिळेल?” एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, “बस आधी, दोन घास खाऊन घे. रात्री तो आला की तिघं मिळून बघू.” माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. त्या रात्री आम्ही मुलीलाही समोर बसवलं. घरात काहीतरी झालंय हे मुलांना कळतंच. काय झालंय ते सांगितलं नाही, तर ती मनाने त्याहून वाईट काहीतरी धरून बसतात.

आमच्यातले एक भाऊ मात्र कितीतरी दिवस युनिफॉर्म घालून, डबा घेऊन, सकाळच्या शिफ्टच्या वेळेला घरातून निघत आणि त्र्यंबक रोडवरच्या एका देवळाच्या ओट्यावर जाऊन बसत. एकदा तिथेच माझी त्यांची गाठ पडली.

“ताई, घरी कसं सांगू? पोरीचं लग्न ठरलंय,” ते म्हणाले. लग्नासाठी ते एका पतसंस्थेतून कर्ज काढायच्या बेतात होते. नोकरी आहे असं दाखवूनच.

“भाऊ, ते कर्ज कोण फेडणार? आज रात्री वहिनींना सांगा, आणि व्याह्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा,” मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं. लग्न ठरल्या तारखेलाच झालं. मंगल कार्यालयाऐवजी गावी घरापुढे मांडव पडला आणि कर्ज काढायची वेळ आली नाही.

मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचं काम एकदम थांबलं. पुढे कित्येकांना ते परत मिळालंच नाही. गिरणगावाने त्याची फार मोठी किंमत मोजली. पण तिथे कुणाला काही लपवावं लागलं नाही, कारण चाळीत सगळ्यांची तीच गत होती. आज माणसाला एकट्याला केबिनमध्ये बोलावतात आणि एकट्यालाच गेटबाहेर सोडतात. शेजारच्या फ्लॅटलाही त्याचा पत्ता नसतो. म्हणून आता आपणहून बोलावं लागतं.

रिकामा दिवस

काम गेल्यावर माणसाचं काय होतं, याचा एक गाजलेला अभ्यास आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे. तिथली कापड गिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी त्या गावात जाऊन घराघराच्या नोंदी घेतल्या. त्यांचं पुस्तक १९३३मध्ये निघालं. हाताशी दिवसभर वेळ असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी केलं होतं. रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग त्यांनी मोजला, तर पुरुष सावकाश, थांबत थांबत चालत होते. बायका त्यामानाने भराभर चालत होत्या, कारण घरचं काम थांबलेलं नव्हतं. पुढे याहोडाबाईंनी मांडलं, की नोकरी पगारासोबत आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांची सोबत, चारचौघांच्या कामात वाटा, समाजात ओळख आणि हातांना चाळा. नोकरी गेली की या पाचही एकदम जातात.

म्हणून नवं काम मिळेपर्यंत त्या आपणच उभ्या करायच्या. मी उठण्याची वेळ बदलली नाही. डबा भरून सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची. नाशिकचं हे वाचनालय १८४०पासून चालू आहे. तिथे वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघायच्या, अर्ज लिहायचे आणि दुपारनंतर कुणाला तरी प्रत्यक्ष भेटायला जायचं. पुरुष मंडळींना विशेष सांगणं: घरात असाल त्या काळात घरचं काम वाटून घ्या. हात चालू राहिले की डोकं शांत राहतं, आणि बायकोलाही तुमच्या रिकामपणाचं ओझं होत नाही.

झोप उडाली, जेवण सुटलं, दारू वाढली, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर तेही लपवू नका. सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातोच, तसंच हे आहे.

दूरच्या ओळखी

आता नव्या कामाचं. आपण सहसा जवळच्या चार माणसांना सांगतो आणि वाट बघत बसतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? दर पाचांतल्या चारांहून जास्त जणांनी सांगितलं: कधीमधी, किंवा क्वचितच. १९७३च्या त्यांच्या निबंधातला विचार साधा आहे. जवळच्या माणसांना जे कळतं ते आपल्यालाही कळलेलंच असतं. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे वेगळी बातमी असते.

माझ्या बाबतीत हेच घडलं. मी फोनमधली यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि सगळ्यांना एकच मेसेज पाठवला: “मी सातपूरला चौदा वर्षं स्टोअर सांभाळलं. कंपनीने लाइनी बंद केल्याने काम थांबलंय. मालाची आवक-जावक, साठ्याची मोजणी, ईआरपीतल्या नोंदी, ई-वे बिल हे सगळं येतं. सातपूर, अंबड, सिन्नर कुठेही चालेल. स्टोअरला किंवा गोदामात जागा असेल तर कळवा.” मेसेजमध्ये रडगाणं नव्हतं आणि ‘काहीही चालेल’ असंही नव्हतं. ‘काहीही’ म्हटलं की वाचणाऱ्याला काहीच सुचत नाही. काम, अनुभव आणि ठिकाण स्पष्ट लिहिलं की त्याच्या डोळ्यांपुढे एखादी जागा येते.

फोन आला तो पुठ्ठ्याची खोकी पोचवणाऱ्या टेम्पोवाल्या दादाचा. “मॅडम, गंगापूर रोडला एका हॉस्पिटलात स्टोअरला माणूस पाहिजे. तिथले परचेसवाले आमच्या शेठच्या ओळखीचे आहेत. पण तिथं सगळा दवाखान्याचा माल हां!” चौदा वर्षांत या दादांशी माझं चलनावरच्या सहीपलीकडे फारसं बोलणं झालं नव्हतं.

आपल्याला येतं काय?

बायोडेटात आपण हुद्दे लिहितो. समोरच्याला हवं असतं ते हुद्द्याआडचं काम. ‘स्टोअर इनचार्ज’ एवढंच लिहिण्याऐवजी मी लिहिलं: किती प्रकारचा माल सांभाळला, महिन्याला किती गाड्या उतरवून घेतल्या, वर्षअखेरच्या मोजणीत फरक किती निघाला. फिटर असाल तर कोणती यंत्रं, वेल्डर असाल तर कोणतं वेल्डिंग, अकाउंट्समध्ये असाल तर जीएसटीची कोणती विवरणपत्रं स्वतः भरली, ते लिहा. एक पान पुरतं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, “तुम्हाला हॉस्पिटलचा अनुभव नाही.”

“नाही सर. पण बेअरिंगला मुदत नसते, रबरच्या ऑइल सीलला आणि अ‍ॅडहेसिव्हला असते. तो माल आम्ही मुदतीच्या तारखेप्रमाणे लावायचो, आधी संपणारा पुढे. लाइनवर मुदत गेलेलं सील कधी गेलं नाही.”

ते सरसावून बसले. कारखान्यात बहुतेक माल ‘आधी आला तो आधी जाईल’ या नियमाने जातो, त्याला फिफो म्हणतात. हॉस्पिटलात ‘आधी मुदत संपेल तो आधी जाईल’, तो फेफो. औषधांची जबाबदारी तिथे नोंदणीकृत फार्मासिस्टकडे असते. हातमोजे, सिरिंज, सलाइनचे सेट, बँडेज, चादरी हे माझ्याकडे आलं. ऑर्डर, चलन आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ घालायचा, बॅच नंबर लिहायचा, कार्ड भरायचं. माल बदलला होता, पण काम ओळखीचं होतं. तुमच्याही कामात असं काहीतरी असतं, जे धंदा बदलला तरी सोबत येतं. दुसऱ्या धंद्यातल्या एखाद्या माणसाला आपला दिवस तपशिलाने सांगून बघा, कामाचं काय आहे ते तो लगेच ओळखेल.

आधीची नोकरी का गेली, या प्रश्नाला सरळ उत्तर द्या. “दोन लाइनी बंद झाल्या, त्यात मला कमी केलं, हे पत्र.” दोन वाक्यं, जुन्या साहेबांची निंदा नाही, आणि लगेच नव्या कामाबद्दल बोला. राजीनाम्याऐवजी कपातीचं पत्र घेतल्याचा इथेही उपयोग झाला, कारण सांगणं आणि कागद एकच बोलत होते. पगार सुरुवातीला आधीपेक्षा कमी ठरला. मी तो घेतला, आणि सहा महिन्यांनी काम बघून पगाराचा फेरविचार होईल, हे नेमणूकपत्रात लिहून घेतलं.

सरकारी वाटाही बघाव्यात. राज्य सरकारच्या ‘महास्वयम’ पोर्टलवर आणि केंद्राच्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’वर नोंदणी मोफत होते. प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. स्वतःचा उद्योग काढायचा असेल तर २०१९पासून ‘मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम’ आहे. त्यात बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. आणि नोकरी देतो म्हणून नोंदणीचे, गणवेशाचे, ट्रेनिंगचे पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. गरजू माणसाचे नंबर या टोळ्या शोधूनच काढतात. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

ज्यांची नोकरी आहे त्यांना

शेवटचं सांगणं नोकरी असलेल्या वाचकांना. आपण दोन गोष्टी करू शकतो. पहिली, लग्नात, पारावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात “सध्या काय करताय?” हा प्रश्न जरा जपून विचारा. ज्याला उत्तर द्यायचंय तो आपणहून देईल. दुसरी त्याहून महत्त्वाची. कुणी धीर करून “माझी नोकरी गेली” असं सांगितलं, तर उपदेश करू नका आणि “काही लागलं तर सांग” म्हणून फोन ठेवू नका. आपल्या कंपनीत, शेजारच्या शेडमध्ये, भाच्याच्या ऑफिसात कुठे जागा आहे याची चौकशी करा आणि त्याला एक नाव व एक नंबर द्या. माझं काम एका टेम्पोवाल्या दादांच्या दोन मिनिटांच्या फोनमुळे झालं. तुमच्या ओळखीतही आज कुणाला तरी अशा फोनची गरज आहे. तो आजच करा.